हात आपले, बोल परके

१९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सनं नागराज बाजारात आणला. हिरव्या अंगाचा, मनगटातून साप सोडणारा हा नायक पुढं कितीतरी वर्षं परभणी, पूर्णा, सेलू, गंगाखेडच्या पोरांनी पानं सुटेपर्यंत वाचला. हा नागराज पहिल्यांदा कागदावर उतरवला तो प्रताप मुळीक यांनी, आणि मुळीक पुण्याचे. त्याच प्रकाशनाच्या भोकालची चित्रं दिलीप कदम यांच्या कदम स्टुडिओतली. म्हणजे पुण्यात काढलेला नायक दिल्लीला गेला, तिथं हिंदी बोलायला लागला आणि मग मराठवाड्यातल्या मराठी पोराच्या हातात पडला.

हे एकट्या नागराजाचं नाही. ‘अमर चित्रकथे’तला कृष्ण राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. ‘अमर चित्रकथे’तले शिवाजी महाराज मुळीकांनी उभे केले आणि बाबासाहेब आंबेडकर कदमांनी. देशभरातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर देव आणि राजे ज्या चेहऱ्यांनी उभे राहतात, त्यांतले कितीतरी चेहरे मराठी चित्रकारांनी दिलेले आहेत. तरीही मराठीत विचार करून, मराठीत बोलून, मराठीतच पहिल्यांदा छापलेली मोठी चित्रकथा शोधायला गेलं तर हाताची बोटं पुरतात. परभणीच्या बोलीतली चित्रकथा तर माझ्या पाहण्यात एकही नाही. हे मला फार लागतं, कारण या मुलखाला चित्रकथेची भूक नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

ती भूक हिंदीवर का भागली, याचं उत्तर इथल्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कचेरीचं काम उर्दूत चाले, वरचं शिक्षण उर्दूत. उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं होतं. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईत तोवर मराठी बालमासिकांच्या पिढ्या होऊन गेल्या होत्या. इथल्या घरांत आजोबांची सही उर्दूत, वडिलांची मराठीत, असा प्रकार होता. हिंदी-दखनी मात्र बाजारात, मोंढ्यात, रेल्वेत सगळ्यांच्याच कानावर असे. त्यामुळं हिंदी कॉमिक्स हातात आलं तर परभणीच्या पोराला ते परकं वाटलं नाही. आपल्या बोलीतलं कुणी आणून दिलं नाही, म्हणून जे आलं ते त्यानं आपलं केलं.

आलं ते रेल्वेनं. हैदराबाद-मनमाड हा निजामाच्या काळातला, तेव्हा मीटरगेज असलेला मार्ग परभणीवरून जातो. परभणीहून एक फाटा परळीला वळतो आणि पूर्णा तर रेल्वेचंच गाव. मनमाडकडून मुंबईची छपाई येई, सिकंदराबादकडून दक्षिणेची. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ विक्रम-वेताळाची गोष्ट घेऊन घराघरांत गेला. ‘चांदोबा’त चित्रं होती, पण गोष्ट मजकुरातून चाले. चित्रानंच गोष्ट पुढं नेण्याची चटक लावली ती इंद्रजाल कॉमिक्सनं. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं मार्च १९६४ मध्ये ती माला सुरू केली. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला, शेजारी मँड्रेक आला आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. बहादूर डाकूंशी लढणारा, कुर्ता आणि जीन्स घालणारा, इथल्याच मातीतला. ही माला १९९० मध्ये बंद पडली, तोवर तिचे आठशेच्या वर अंक निघाले होते.

तालुक्याच्या गावी ही पुस्तकं विकत घेणारे थोडे. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, सायकलच्या दुकानात, उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्याच्या ओसरीवर दोरीला टांगलेली कॉमिक्स भाड्यानं मिळत. चार आणे, आठ आणे; तिथंच बसून वाचायचं असेल तर आणखी कमी. एक पोरगं पैसे देई आणि पाचजण डोकी घालून बसत. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची. आणि वाचता वाचता, कुणी न सांगता, तो संवादाच्या फुग्यातली हिंदी आपल्या बोलीत आणत असे. नागराज फुग्यात ‘भागता कहाँ है’ म्हणे, ओसरीवर ते ‘काहून पळू लालास रे’ होऊन निघे. मराठवाड्यातली चित्रकथा जर कुठं घडली असेल तर ती या ओसरीवर घडली, असं माझं मत आहे. छापली मात्र कुणी नाही.

ती का छापली गेली नाही, याचं एक कारण छापखान्यात सापडतं. रंगीत कॉमिक्स चार प्लेटांवर छापलं जाई: पिवळी, लाल, निळी आणि काळी. रंगांच्या प्लेटा तयार करणं हा मोठा खर्च. मजकूर फक्त काळ्या प्लेटेवर असतो. त्यामुळं एकदा रंग तयार झाले की काळी प्लेट तेवढी बदलायची; तोच कृष्ण इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, बंगालीत बोलू लागे. एकाच भाषेच्या बाजारावर तो खर्च निघणं अवघड, म्हणून अनेक भाषांत विकणं हाच धंद्याचा कणा झाला. मराठी आवृत्ती निघे, पण ती काळ्या प्लेटेपुरतीच मराठी.

त्याची किंमत पानावर दिसते. चित्रकार फुगा काढताना इंग्रजी मजकुराचा अंदाज घेऊन काढी. रोमन अक्षरं एका ओळीत नीट बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतात आणि खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मग अक्षरलेखक अक्षर बारीक करी, नाहीतर अनुवादक वाक्य कापी. जुना मराठी अंक हातात घेऊन कुठल्याही पानावरचा मोठा फुगा बघावा: कडेला टेकलेली शेवटची अक्षरं, आकसलेल्या वेलांट्या. आणि कापलेलं वाक्य पुस्तकी होत जातं, कारण बोलण्याला जागा लागते. ‘अरे थांब की जरा, मी येतोच’ला जिथं जागा नसते तिथं ‘थांब!’ येतं. कथेत निवेदन असतं, कवितेत लय असते. चित्रकथेत मजकूर म्हणजे जवळजवळ सगळा पात्रांच्या तोंडचा. तिथं बोली गेली की पात्राचं तोंडच गेलं.

आपल्याकडं चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत याच्या नेमकी उलट होती. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. पुढं चित्रकथी नावाची जमातच या कामावर जगली. त्यांच्या एका शैलीला पैठणचं नाव आहे, आणि पैठण म्हणजे आमच्या गोदावरीचा वरचा काठ. तिथून नदी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी परभणी जिल्ह्यातून पुढं नांदेडला जाते. या पैठणी चित्रांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजानं ही कला सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानं टिकवली, आणि २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली.

पैठणचं एखादं चित्र जवळून बघा. चेहरा बाजूनं काढलेला, डोळा मात्र समोरून, मोठा आणि गोल. दोन योद्धे आमनेसामने, मधल्या जागेत बाणांच्या रेघा. रंग थोडे, रेघ ठाम. दुरून, संध्याकाळच्या उजेडात, देवळाच्या ओवरीत बसलेल्या माणसाला दिसावं म्हणून केलेलं हे काम आहे. चित्रावर अक्षर नाही. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एक पान दाखवून झालं की चित्रकथी ते उलटं करतो. अशा पानांची एक पोथी: सीतेचा शोध, इंद्रजिताचा वध, बभ्रुवाहन. मागं टाळ, हुडूक. चित्र पिढ्यान्‌पिढ्या तेच, पण बोल त्या रात्रीचे आणि त्या गावचे. कोकणात तो कोकणी वळणानं बोलेल आणि गोदाकाठी गोदाकाठच्या. गावच्या पाटलाचं नाव कथेत आणून हशा पिकवणंही त्याला सुचत असणार.

छापील कॉमिक्सनं गोष्ट सगळ्यांच्या हातात दिली, हे त्याचं मोठं काम. पण बोल मात्र त्यानं फुग्यात बंद केले. चित्रकथीच्या पोथीत चित्र ठरलेलं आणि तोंड मोकळं होतं. कॉमिक्समध्ये तोंडही दूरच्या कुणी ठरवून पाठवलं. ओसरीवर मोठ्यानं वाचणारं पोरगं नकळत चित्रकथ्याचं काम करत होतं.

‘अमर चित्रकथा’ उभी करणारे अनंत पै कारकळचे, मुंबईत वाढलेले. १९६७ साली दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही, हे पाहून त्यांनी हे काम हाती घेतलं ही हकिगत प्रसिद्ध आहे. त्यांच्या कामाचं ऋण मोठं आहे. पण त्या मालेवर नंतरच्या अभ्यासकांनी घेतलेले आक्षेपही खरे आहेत. देव-राजे गोरे, राक्षस काळे. कथा बहुतेक वरच्या जातींच्या नजरेतून. कोणाची गोष्ट ‘अमर’ ठरते हे कोणीतरी ठरवत असतं, आणि ठरवणारा परभणीत बसलेला नसतो.

म्हणून १९७९ चा एक अंक माझ्या दृष्टीनं वेगळा आहे. त्या वर्षी ‘अमर चित्रकथे’त ‘बाबासाहेब आंबेडकर’ निघाला, लेखन स. शं. रेगे यांचं, चित्रं दिलीप कदमांची. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यासह सगळीकडं दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या नावासाठी माणसं मारली जात होती, त्या नावाचा माणूस त्याच काळात कृष्ण आणि शिवाजींच्या रांगेत, त्याच आकाराच्या पुस्तकात, त्याच किमतीत उभा राहिला. अंकात काय आलं आणि काय गाळलं यावर वाद घालता येईल. पण जातीमुळं गाडीवानानं नाकारलेले लहानगे बाबासाहेब चित्रात बघणं हे भाषणातून ऐकण्यापेक्षा वेगळं आहे. वाचणाऱ्या पोराचं वय आणि चित्रातल्या पोराचं वय एकच असतं.

त्यानंतर ३२ वर्षांनी, २०११ मध्ये, दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं बाबासाहेबांवरचं ‘भीमायन’ काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा; चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. माझ्या मते भारतात चित्रकथेच्या अंगानं झालेलं हे सगळ्यात धाडसी काम. व्यामांनी चौकटी मानल्याच नाहीत. माणसांना डब्यात कोंडायचं नाही म्हणून पान त्यांनी गोंडांच्या भिंतीवरच्या ‘दिगना’ नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी विभागलं. रेल्वे सापासारखी जाते. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकातून लोकांवर पाणी शिंपडलं जातं. आणि फुगे! मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. बाबासाहेब ज्या ठिकाणी माणसाकडून हाकलले जातात तिथं वाचायच्या आधीच नांगी दिसते. अक्षर न येणाऱ्यालाही कोण डसतंय ते कळतं. बोलणं कसं दिसावं याचा असा विचार करायला आधी ते बोलणं सोसलेलं असावं लागतं.

या पुस्तकात मराठवाडाही आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी दारापाशीच्या हौदातलं पाणी घेतलं आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. किल्ला बघायची परवानगी मिळाली ती पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत शिपाई देऊन. निजामाच्या राज्यातला हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मराठवाड्यातल्या बाबासाहेबांचं चित्र मध्य प्रदेशातल्या गोंडांनी काढलं आणि पुस्तक दिल्लीत, इंग्रजीत निघालं. बुद्धाचं चरित्र तर जपानच्या ओसामु तेझुकानं १९७२ ते १९८३ अशी वर्षं खर्चून हजारो पानांत काढलं. ज्या परभणीत बुद्ध आणि बाबासाहेब घराघरांच्या भिंतींवर आहेत, तिथल्या एखाद्या चित्रकाराच्या हातून हे निघालं असतं तर त्यात काय दिसलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मराठीला चित्राचं वावडं आहे असं नाही. ज्या दिवाळी अंकात तुम्ही हे वाचताय ती परंपराच व्यंगचित्रावर पोसली. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ची खिडकीचित्रं आठवा: कापलेल्या पानातून एक दृश्य दिसतं, पान उलटलं की भलतंच निघतं. दोन चौकटींची ती चित्रकथाच. शि. द. फडणीसांनी ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर एक अक्षर न लिहिता गोष्टी सांगितल्या. ‘मार्मिक’ १९६० साली सुरू झालं ते व्यंगचित्राच्या बळावर. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज येऊ लागला आणि सकाळच्या चहाचा भाग झाला. पण चिंटू शहरातल्या मध्यमवर्गी घरातला. त्याच्या आईबाबांना दुष्काळाची आणेवारी, सोयाबीनचा भाव, ऊसतोडीला गेलेलं शेजारचं घर यांच्याशी काम पडत नाही. त्यात चिंटूचा दोष नाही. परभणीचा चिंटू कुणी काढला नाही, एवढंच.

साहित्यात मात्र हे काम झालं आहे. सातोन्याचे बी. रघुनाथ निजामाच्या नोकरीत राहून ‘आडगावचे चौधरी’ लिहून गेले. इंद्रजित भालेरावांनी कुणब्याची बोली कवितेत आणली. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या कथांमधली माणसं परभणीच्या रानातलीच बोलतात. बोल तयार आहेत. त्यांना चित्र भेटलेलं नाही.

आणि गोष्टी? हैदराबाद मुक्तिसंग्रामातला, जानेवारी १९४८ मधला उमरी बँकेचा छापा घ्या. रझाकारांचा काळ, सरहद्दीवरचे कॅम्प, रात्रीची कूच, लाखोंची रोकड आणि ती चळवळीकडं पोचती करण्याची शिस्त. ज्यांना डेंकालीच्या जंगलातला वेताळ आवडला त्यांना हे आवडणार नाही?

पण मला सगळ्यात आधी हवी आहे ती गंगाखेडची जनाबाई. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपुरी नामदेवांच्या घरी कामाला लागली. सातशे वर्षांपूर्वीची ही बाई आजही गंगाखेडात घरच्यासारखी बोलावली जाते. तिच्या गोष्टी म्हणजे चित्रकाराला आयतं आमंत्रण. विठोबा तिच्यासोबत दळतो. जात्याची घरघर पानभर कशी उमटेल? देवाचं पदक चोरल्याचा आळ येतो, तिला सुळावर द्यायला नेतात आणि सुळाचं पाणी होतं. लोखंड पाणी होताना तीन चौकटी लागतील की एकच?

आणि गोवऱ्यांची गोष्ट. जनीचं नाव ऐकून कबीर तिला भेटायला येतात, तर ही दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून कडाकडा भांडत असते. कोणत्या गोवऱ्या कोणाच्या, कसं ओळखायचं? जनी म्हणते, कानाला लावा. ज्यातून विठ्ठल ऐकू येईल ती माझी. कीर्तनकार ही गोष्ट आवाजानं रंगवतो, सिनेमात पार्श्वसंगीत येईल. चित्रकथेत मात्र तोंड नसलेल्या गोवरीला फुगा काढता येतो. शेणाच्या गोल गोवऱ्यांची रास, त्यावर बोटांचे वळ, आणि दहातल्या चार गोवऱ्यांमधून निघालेले बारके फुगे. त्याआधीचं भांडण मात्र गंगाखेडच्या नदीकाठच्या बायका भांडतात तसंच हवं, एक शब्द न धुता. कष्टकरी बाईच्या हातातल्या वस्तूत तिचं बोलणं उतरतं, हे या कथेचं मर्म आहे, आणि ते सांगायला या माध्यमाइतकं सोयीचं दुसरं माध्यम मला दिसत नाही.

खर्चाची अडचण आता पूर्वीची राहिलेली नाही. चार प्लेटांचा हिशेब संगणकानं मोडीत काढला. मोबाइलच्या पडद्यावर तर छपाईच लागत नाही. भाड्याची दुकानं गेली, नागराज रद्दीत गेला, पण चित्र बघत गोष्ट वाचायची सवय मोबाइलवर तशीच आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून राज्यभरातल्या शाळांत जातं; तिथं पानं आहेत, वाचक आहेत.

चित्रकारही आहेत, आणि ते कुठं भेटतील हे सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. स्मरणचित्रात बाजार, जत्रा, बसस्थानक, शेतातलं काम असे प्रसंग येतात, मुलं ते सुंदर काढतात. माणसं उभी असतात, बैल वळलेला असतो, सगळं असतं; फक्त कुणी काही बोलत नाही. अक्षरलेखन त्याच परीक्षेत, वेगळ्या कागदावर. या दोन विषयांना एकत्र आणून चार चौकटींची एक गोष्ट, आपल्या गावची, आपल्या घरी बोलतात तशा बोलीत, एवढा एक प्रश्न कलासंचालनालयानं त्या परीक्षेत घालावा. तोवर कुठल्याही चित्रकलेच्या शिक्षकाला शनिवारच्या तासाला हे करून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या तासाला गोवऱ्यांची गोष्ट द्यावी.